चौदा हजार पौंडांचा खेळाडू

फुटबॉलची आवड असलेल्या आमच्या तरुण मंडळींना ब्रिन जोन्स हे नाव क्वचितच ठाऊक असेल. १९३८ साली मात्र ब्रिटनमधील सर्वांत महागडा खेळाडू म्हणून ते सर्वतोमुखी झाले होते.

वेल्समधील मर्थर टिडफिल या कोळसा-लोखंडाच्या गावी १४ फेब्रुवारी १९१२ रोजी त्याचा जन्म झाला. तारुण्यात तो खाणीत राबला. भाऊही फुटबॉल खेळणारे. १९३३ साली वुल्व्ह्ज या इंग्लिश संघाने त्याला घेतले, आणि पाच वर्षांत लीगच्या सामन्यांत त्याने ५२ गोल केले. १९३८ साली वुल्व्ह्ज अवघ्या एका गुणाने अजिंक्यपदास मुकले. अजिंक्य ठरले लंडनचे आर्सेनल. त्यांनीच ऑगस्टात ब्रिनसाठी १४,००० पौंड मोजले. तोवर ब्रिटनमध्ये कोणत्याही खेळाडूसाठी एवढी रक्कम कोणी दिली नव्हती. मोठा गहजब झाला.

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. हे पैसे ब्रिनच्या खिशात गेले नाहीत. ते एका क्लबाने दुसऱ्या क्लबाला दिले. खेळाडूच्या पगाराला त्या काळी मर्यादा होती. हंगामात आठवड्याला फार तर ८ पौंड! पैसा दुसऱ्याचा, ओझे मात्र याच्या पाठीवर, असेच आम्हांस वाटते. शिवाय निवृत्त झालेल्या ॲलेक्स जेम्सची जागा त्याने भरून काढावी अशी अपेक्षा. ब्रिन पडला संकोची स्वभावाचा. पहिल्याच सामन्यात त्याने गोल केला खरा, पण लीगच्या सबंध हंगामात त्याचे चारच गोल झाले. आणखी दोन-तीन हंगाम मिळते तर तो कदाचित रुळला असता.

ते मिळाले नाहीत. ३ सप्टेंबर १९३९ रोजी युद्ध पुकारले गेले. नवा हंगाम तीन सामन्यांवरच थांबला आणि तेही नोंदींतून वगळले गेले. ब्रिन तोफखान्यात दाखल झाला; उत्तर आफ्रिका व इटली येथे त्याने सैनिकी सेवा केली. लीग पुन्हा सुरू झाली ती १९४६ साली. खेळ थांबला तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा होता, आता चौतीस वर्षांचा झाला होता.

१९४८ साली आर्सेनल पुन्हा अजिंक्य ठरले, पण त्या हंगामात ब्रिनच्या वाट्याला लीगचे सातच सामने आले. पुढे तो नॉर्विच सिटीकडे गेला, आणि १९५१ साली डॉक्टरांच्या सल्ल्यावरून त्याने खेळ सोडला. त्याचा पुतण्या क्लिफ जोन्स १९६१ साली टॉटनहॅमकडून लीग व चषक दोन्ही जिंकला.

उत्तर लंडनमध्ये, आर्सेनलच्या जुन्या मैदानापासून फार दूर नव्हे, ब्रिनने वर्तमानपत्रांचे दुकान चालवले. १९८५ च्या ऑक्टोबरात तो वारला.