विश्लेषण : बैलगाडी, चित्ता आणि काळवीट… राजर्षी शाहू महाराज शिकार कशी करत?

कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांचे नाव निघाले की आरक्षण, वसतिगृहे, राधानगरी धरण आणि खासबाग मैदान आठवते. शिकारीचा विषय मात्र जयंतीच्या भाषणांत सहसा येत नाही. आजच्या काळात तो अडचणीचा वाटत असावा. पण शिकार बाजूला काढली तर त्यांच्या आयुष्यातले बरेच प्रसंग अर्धवट राहतात. त्यांचा सर्वांत मोठा घावही त्यातलाच.

शिकारीची आवड कुठून आली?

महाराजांचा जन्म 26 जून 1874 चा, कागलच्या घाटगे घराण्यातला. मूळ नाव यशवंतराव. मार्च 1884 मध्ये ते कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले. राजकोटच्या राजकुमार कॉलेजात आणि पुढे धारवाडला फ्रेझर यांच्या देखरेखीखाली त्यांचे शिक्षण झाले. 2 एप्रिल 1894 रोजी त्यांनी राज्यकारभार हाती घेतला. घोडा, कुस्ती आणि बंदूक हा त्या काळच्या राजपुत्राचा अभ्यासक्रमच होता. महाराजांना मात्र मैदानी खेळांचे खरोखरच वेड होते. हत्तींच्या खेळासाठी बांधलेले साठमारीचे मैदान शहरात अजून आहे.

संस्थानाचा भूगोलही सोयीचा होता. पश्चिमेला दाजीपूरचे दाट जंगल आणि त्यात गवे, तर पूर्वेला उघडे माळ. या दोन ठिकाणी शिकारीची रीत एक असूच शकत नाही. जंगलात आडोसा मिळतो, माळावर नाही.

चित्त्याने शिकार म्हणजे नेमके काय?

इथे थोडे गणित करू. चित्ता ताशी सुमारे 100 किलोमीटर वेगाने धावतो, म्हणजे सेकंदाला साधारण 28 मीटर. पण हा वेग तो काही सेकंदच टिकवतो. दहा-बारा सेकंद धरले तरी पल्ला 300 मीटरच्या आसपास संपतो. काळवीट ताशी 80 किलोमीटरच्या घरात पळते आणि तो वेग ते जास्त वेळ टिकवते. त्यामुळे चित्ता किती वेगवान आहे यापेक्षा त्याला कुठून सोडले यावर निकाल ठरतो. पाव किलोमीटर जास्त अंतर राहिले की शिकार हुकली.

काळविटाची नजर तीक्ष्ण असते. माळावर माणूस पायी चालत आला तर कळप लांबूनच उधळतो. बैलगाडीला मात्र तो घाबरत नाही, कारण शेतकऱ्यांच्या गाड्या तो रोज पाहत असतो. भारतभर चित्त्याची शिकार याच सवयीवर उभी होती. डोळ्यांवर कातडी टोपी चढवलेला चित्ता गाडीवर बसवायचा. गाडी थेट कळपाकडे न्यायची नाही. तिरकस, वळसे घेत, दुसरीकडेच चालल्यासारखी हाकायची. वाऱ्याची दिशाही सांभाळायची. अंतर शे-दोनशे पावलांवर आले की टोपी काढायची. बाकी काम चित्त्याचे.

लक्ष्य असे ते पूर्ण वाढलेल्या नराचे. मादी आणि पिल्ले बदामी रंगाची असतात. नर वयात येतो तसा पाठीवर काळा पडत जातो, म्हणून कळपात तो लांबूनही ओळखू येतो. चित्त्याने शिकार पाडली की चित्तेवान धावत जाऊन त्याला लाकडी पळीतून रक्त पाजत आणि तेवढ्यात सावज सोडवून घेत. मग पुन्हा टोपी. सगळ्यात कौशल्याचे काम चित्तेवानाचे होते, पण छायाचित्रांच्या ओळींत नाव राजाचे राहिले.

यात एक मोठी गोम होती. पाळलेला चित्ता तेव्हा पिंजऱ्यात जवळजवळ वीत नसे. तोवर जहांगीरच्या काळातली एक वीण तेवढी नोंदलेली होती. शिवाय शिकार शिकून तयार झालेला रानातला मोठा चित्ताच उपयोगी पडे. म्हणजे प्रत्येक नवा चित्ता रानातून पकडायचा. देशातले चित्ते संपत आले, तेव्हा कोल्हापूर आणि भावनगरसारख्या संस्थानांनी आफ्रिकेतून चित्ते मागवले. 2022 मध्ये नामिबियातून कुनोला चित्ते आले, तेव्हा अनेकांना हा प्रकार पहिलाच वाटला. तो पहिला नव्हता.

1918 मध्ये काय घडले?

महाराजांना राजाराम आणि शिवाजी हे दोन मुलगे. धाकट्या शिवाजींचे लग्न जून 1917 मध्ये इंदुमतीदेवींशी झाले. वर्षभरातच, जून 1918 मध्ये, रानडुकराचा घोड्यावरून पाठलाग करताना शिवाजी पडले आणि त्यात त्यांचा मृत्यू झाला. वय अवघे एकोणीस. ज्या छंदात वडील रमले, त्यानेच मुलगा नेला.

मागे राहिलेली सून अजून लहान मुलगीच होती. राजघराण्यातल्या विधवेने पडद्याआड दिवस काढायचे, ही तेव्हाची रीत. महाराजांनी ती मोडली आणि सोनतळी येथे त्यांच्या शिक्षणाची व्यवस्था केली. विरोध बाहेरून होता तसा घरातूनही होता.

याच वर्षी त्यांनी आणखी एक निर्णय घेतला. इंग्रजी कायद्याने गुन्हेगार ठरवलेल्या जमातींना पोलिसांपुढे रोज हजेरी लावावी लागे. कोल्हापूर संस्थानात ती बंद झाली. फासेपारध्यांना त्यांनी सोनतळीच्या परिसरात वसवले, पहाऱ्याची कामे दिली. रानाची आणि जनावरांच्या मागाची पारध्यांइतकी जाण दुसऱ्या कुणाला असणार? सरकारला त्यांच्यात चोर दिसले, महाराजांनी त्यांनाच राखणीला ठेवले.

माणगाव परिषदेशी शिकारीचा काय संबंध?

21 आणि 22 मार्च 1920 रोजी कागल जहागिरीतल्या माणगावात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली. महाराज शिकारीला निघालेले होते. ती मध्येच सोडून ते मुद्दाम सभेला आले आणि तसे त्यांनी भाषणात सांगितलेही. दोनच वर्षांनी, 6 मे 1922 रोजी, मुंबईत त्यांचे निधन झाले.

त्या शिकारखान्याचे पुढे काय झाले?

माळावरची काळविटे आणि चित्ते गेले. 1952 मध्ये चित्ता देशातून नामशेष झाल्याचे जाहीर झाले. दाजीपूरचे राखीव रान मात्र टिकले. शिकारीसाठी राखलेले म्हणूनच ते टिकले, हे कबूल करायला हवे. 1958 मध्ये तिथे गव्यांसाठी अभयारण्य झाले, राज्यातले पहिले. आज राधानगरी अभयारण्य म्हणून त्याचे क्षेत्र 351.16 चौरस किलोमीटर आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे आणि त्याच्या शिकारीला तीन ते सात वर्षांची कैद आहे.