डावा कान, उजवा कान

रविवारची सकाळ. दिवाणखान्याच्या दोन कोपऱ्यांत दोन स्पीकर ठेवलेले आहेत आणि त्यांच्या समोर चहाचा कप घेऊन आपण बसलो आहोत. तंबोरा डावीकडे झंकारतो, तबला उजवीकडे बोलतो आणि गायक मात्र बरोबर मधोमध बसल्यासारखा वाटतो. वास्तविक तिथे भिंतीवरच्या कॅलेंडरशिवाय काहीच नसते! आपल्या अंगवळणी हा भास इतका पडला आहे, की त्याचे नवल वाटेनासे झाले आहे. पण कुणाला तरी तो प्रथम सुचला असेल, कुणी तरी त्याचे गणित मांडले असेल, याचा विचार सहसा आपण करत नाही.

ते गणित मांडणाऱ्याचे नाव अ‍ॅलन डोअर ब्लमलाइन. ध्वनितंत्राच्या जगात हे नाव आदराने घेतले जाते. पण त्याच्याच देशातल्या सामान्य माणसाला ते कित्येक वर्षे ठाऊकही नव्हते. असे का झाले, याची कथा त्याच्या शोधांइतकीच विलक्षण आहे.

ब्लमलाइनचा जन्म २९ जून १९०३ रोजी लंडनच्या हॅम्पस्टेड भागात झाला. वडील मूळचे जर्मनीचे, पुढे ब्रिटिश नागरिक झालेले. आई दक्षिण आफ्रिकेत काम केलेल्या एका स्कॉटिश मिशनऱ्याची मुलगी. अ‍ॅलन अकरा वर्षांचा असताना वडील गेले. अभ्यासात हा मुलगा सुरुवातीला मागेच होता. बारा वर्षांचा होईपर्यंत त्याला धड वाचता येत नव्हते, असे सांगतात. विजेची आवड मात्र उपजत. सात वर्षांचा असताना त्याने घरची दारावरची घंटा दुरुस्त केली आणि वडिलांना रीतसर बिल दिले. त्यावर स्वतःच्या नावापुढे विद्युत अभियंता असे लिहायला तो विसरला नाही. पुढे लंडनच्या सिटी अँड गिल्ड्स कॉलेजातून १९२३ साली तो पहिल्या वर्गात पदवीधर झाला आणि बालपणीचा तो किताब खराच ठरला.

पहिली नोकरी टेलिफोनच्या धंद्यातली. लांब पल्ल्याच्या तारांमध्ये एका जोडीतले बोलणे शेजारच्या जोडीत ऐकू येई. ही गळती थांबवण्याचे काम त्याच्याकडे आले. दोन तारांमधला समतोल कसा साधायचा, हा धडा त्याने इथे गिरवला आणि तो त्याला जन्मभर पुरला.

१९२९ साली तो कोलंबिया ग्राफोफोन कंपनीत आला. त्या काळी तबकडी विजेच्या साहाय्याने कोरण्याची पद्धत अमेरिकेच्या वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या मालकीची होती. इतर कंपन्यांना तिच्यासाठी स्वामित्वशुल्क मोजावे लागे. आयझॅक शोनबर्ग या वरिष्ठांनी ब्लमलाइनला एवढेच सांगितले, की ही पेटंटे ओलांडून नवी वाट काढायची. तेव्हा तो विशीतच होता. हर्बर्ट होल्मन या सहकाऱ्याबरोबर त्याने फिरत्या वेटोळ्यावर चालणारे कोरणीयंत्र तयार केले. ते अमेरिकन यंत्रापेक्षा सरस तर निघालेच, शिवाय कंपनीचे स्वामित्वशुल्कही वाचले. १९३१ साली कोलंबिया आणि हिज मास्टर्स व्हॉइसवाली ग्रामोफोन कंपनी एकत्र आल्या आणि ई.एम.आय. जन्माला आली. कर्ण्यासमोर बसलेल्या कुत्र्याचे चित्र असलेल्या ज्या तबकड्या आपल्या आजोबांनी जपून ठेवल्या, त्या याच घराण्यातल्या.

त्याच वर्षीची गोष्ट. ब्लमलाइन आपल्या भावी पत्नीबरोबर, डोरीनबरोबर सिनेमाला गेला होता. बोलपट तेव्हा नवे होते. पडद्यावरचा नट एका बाजूला उभा असे आणि त्याचा आवाज भलतीकडेच लावलेल्या एकुलत्या कर्ण्यातून येई. लोक कथानकात रंगले होते. ब्लमलाइनला मात्र हे खटकत राहिले. आवाज नटाच्या मागोमाग फिरवता येईल, त्याची युक्ती आपल्याला सापडली आहे, असे त्याने डोरीनला सांगितले. १४ डिसेंबर १९३१ रोजी त्याने पेटंटसाठी अर्ज केला. १९३३ मध्ये मंजूर झालेल्या या पेटंटचा क्रमांक ३९४३२५, आणि त्यात थोडेथोडके नव्हे, सत्तर दावे होते.

मुळातला विचार साधा होता. आपल्याला दोन कान आहेत. डावीकडचा आवाज डाव्या कानाला किंचित आधी आणि किंचित मोठा ऐकू येतो. त्या फरकावरून मेंदू दिशा ठरवतो. मग ध्वनिमुद्रणही दोन वाटांनी करावे, दोन अ‍ॅम्प्लिफायर आणि दोन स्पीकर वापरून ऐकवावे. पण स्पीकर म्हणजे कानाला लावलेले श्रवणयंत्र नव्हे. दोन्ही स्पीकरांचा आवाज दोन्ही कानांवर पडतो आणि सगळी सरमिसळ होते. ही सरमिसळ गृहीत धरूनच दिशेचा भास कसा टिकवायचा, हे ब्लमलाइनने गणिताने दाखवले. मायक्रोफोन कसे ठेवायचे तेही सांगितले. एकाच खाचेच्या दोन भिंतींवर, एकमेकींशी काटकोनात, दोन वेगवेगळे आवाज कोरता येतील, हेही त्याच पेटंटमध्ये होते.

जानेवारी १९३४ मध्ये लंडनच्या अ‍ॅबी रोड स्टुडिओत सर टॉमस बीचम मोत्सार्टच्या ज्युपिटर सिंफनीचा सराव घेत होते. ब्लमलाइनने तो या नव्या पद्धतीने मुद्रित केला. १९३५ साली हेज स्टेशनावर येणाऱ्या-जाणाऱ्या आगगाड्यांचा छोटा चित्रपट काढला. गाडी पडद्यावर जिकडून जाई, तिकडूनच तिची धडधड ऐकू येई.

आणि मग? मग काहीच झाले नाही. मंदीचे दिवस होते. लाखेच्या तबकड्यांची खरखर मोठी होती. घरी एक अ‍ॅम्प्लिफायर घेणेही ज्यांना जड, त्यांना दोन कोण विकणार? कंपनीने हे काम बाजूला ठेवले आणि ब्लमलाइनला टेलिव्हिजनवर नेमले.

तिथेही त्याची बुद्धी थांबली नाही. २ नोव्हेंबर १९३६ रोजी अलेक्झांड्रा पॅलेसमधून बी.बी.सी.चे नियमित टेलिव्हिजन प्रक्षेपण सुरू झाले. त्यातल्या ४०५ रेषांच्या पद्धतीमागे शोनबर्ग यांच्या ज्या चमूचे कष्ट होते, त्यात ब्लमलाइन आघाडीवर होता. १२ मे १९३७ रोजी राजे सहावे जॉर्ज यांच्या राज्याभिषेकाची मिरवणूक घरबसल्या लोकांनी पाहिली. ते चित्र लांबलचक केबलमधून आणले होते. वाटेत तारांमध्ये शिरणारी विजेची घरघर चित्र नासवते, आणि अशाच अडचणीवर ब्लमलाइनचा एक तोडगा १९३६ सालापासून हाताशी होता. आज त्याला लांब शेपटीची जोडी म्हणतात.

ही जोडी म्हणजे विजेचा तराजूच. दोन सारखे व्हॉल्व्ह एकाच मोठ्या रोधाला, म्हणजे शेपटीला, बांधायचे. घरघर दोन्ही पारड्यांत सारखीच पडते, त्यामुळे काटा हलत नाही. खरा संकेत दोन पारड्यांत उलटसुलट येतो; तोच तेवढा तोलला जातो आणि मोठा होतो. पुढे व्हॉल्व्ह गेले, ट्रान्झिस्टर आले, पण तराजू राहिला. बेल प्रयोगशाळेच्या हॅरॉल्ड ब्लॅक यांनी १९२७ साली बाहेर पडणाऱ्या संकेताचा थोडा भाग परत आत आणून चूक सुधारण्याची युक्ती काढली होती. आजच्या बहुतेक अ‍ॅम्प्लिफायरांत या दोन कल्पनांचा संसार आहे. एका पारड्यात आत येणारे संगीत, दुसऱ्यात बाहेर गेलेल्या संगीताचा अंश. फरक दिसला की दुरुस्ती.

१९३७ साली त्याने आणखी एक पेटंट मागितले. ट्रायोड व्हॉल्व्हचा आवाज गोड, पण ताकद कमी. पेंटोडची ताकद मोठी, पण आवाज कर्कश होण्याची भीती. ब्लमलाइनने आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या वेटोळ्यातून मध्येच एक तार काढून पेंटोडच्या पडदा-जाळीला जोडली आणि दोघांचे गुण एकत्र आणले. १९५१ साली अमेरिकेत हॅफ्लर आणि केरोस यांनी हीच जोडणी अल्ट्रालिनियर या नावाने लोकप्रिय केली.

हाताने अ‍ॅम्प्लिफायर बांधणाऱ्या हौशी मंडळींना या गोष्टींचे मोल अधिक कळते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून ट्रान्सफॉर्मर आणि कंडेन्सर पिशवीत भरून आणणारा एखादा काका प्रत्येक कुटुंबात असतोच. त्यातले जे फारच नादी, ते प्रत्येक स्पीकरमधल्या वूफरला, मधल्या कोनला आणि ट्वीटरला स्वतंत्र अ‍ॅम्प्लिफायर देतात. म्हणजे दोन बाजूंना मिळून सहा! हा नुसता हट्ट नाही. एरवी अ‍ॅम्प्लिफायरच्या पुढे बसवलेली क्रॉसओव्हरची वेटोळी ताकद खातात आणि कोनवरची पकड सैल करतात. आवाजाची वाटणी आधीच, संकेत लहान असताना केली, की प्रत्येक अ‍ॅम्प्लिफायर आपापल्या कोनशी थेट जोडला जातो. ढोलाच्या ठोक्याला वूफरचा अ‍ॅम्प्लिफायर दमला, तरी झांजेचा आवाज फाटत नाही.

निवडीचे नियमही त्यातूनच येतात. वूफरला भरपूर वॉट हवेत. ट्वीटरला थोडे पुरतात. पण तो फार संवेदनशील, म्हणून त्याच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये घरघर जवळजवळ नसावी आणि डीसी प्रवाह चुकूनही पोचू नये म्हणून मध्ये एक कंडेन्सर असावा. सगळ्यांची वाढवण्याची पट सारखी जुळवून घ्यावी, नाही तर सूर एकीकडे कलतो. काही जण खाली ट्रान्झिस्टरचा अ‍ॅम्प्लिफायर ठेवतात आणि वर अल्ट्रालिनियर व्हॉल्व्हचा. तेव्हा एकाच घरात ब्लमलाइनचे तीन शोध एकदम नांदतात: खाली शेपटीची जोडी, वर त्याची ट्रान्सफॉर्मरची तार, आणि दोन बाजूंच्या मधोमध दिसणारा तो न दिसणारा गायक.

पण हे पाहायला तो राहिला नाही. दुसरे महायुद्ध पेटले आणि ई.एम.आय.चे अभियंते रडारच्या कामाला जुंपले गेले. ढगांतून आणि अंधारातून खालची जमीन विमानातल्या पडद्यावर दाखवणारे एच-टू-एस हे रडार बनवायचे होते. रविवार, ७ जून १९४२. चाचणीसाठी निघालेल्या हॅलिफॅक्स विमानात ब्लमलाइन होता. सेसिल ब्राउन आणि फ्रँक ब्लायथन हे कंपनीतले सहकारीही होते. उजवीकडच्या बाहेरच्या इंजिनाला आग लागली आणि हेरफर्डशरमध्ये वेल्श बिकनर गावाजवळ विमान कोसळले. अकराही जण गेले. तपासात कारण निघाले ते फार क्षुल्लक होते. इंजिनाची देखभाल करताना एक नट नीट आवळायचा राहून गेला होता. ज्याने आयुष्यभर समतोलाचे काटे जुळवले, तो एका ढिल्या नटाने गेला. वय अवघे अडतीस. घरी डोरीन आणि दोन लहान मुलगे.

शत्रूला सुगावा लागू नये म्हणून अपघात गुप्त ठेवण्यात आला. वर्तमानपत्रांत मृत्युलेख आला नाही. रडार मात्र पुरे झाले आणि जानेवारी १९४३ मध्ये हॅम्बुर्गवरच्या हल्ल्यात वापरले गेले. कानांना दिशा देणाऱ्याने बॉम्बफेकी विमानांना डोळे दिले. त्याची किंमत खालच्या शहरांतल्या माणसांनीही मोजली, हे विसरून चालणार नाही.

स्टीरिओचे त्याचे पेटंट मुदतवाढ मिळूनही १९५२ साली संपले. १९५८ साली स्टीरिओ तबकड्या दुकानांत आल्या. त्यांतली खाच बरोबर त्याने १९३१ साली सांगितली होती तशीच होती, दोन भिंतींची. लोकांनी ती अमेरिकेची नवलाई म्हणून डोक्यावर घेतली. एकोणचाळिसावा वाढदिवसही न पाहिलेल्या या माणसाच्या नावावर १२८ पेटंटे होती. १९७७ साली लंडनच्या ईलिंगमधल्या त्याच्या घरावर स्मृतिफलक लागला. २०१५ साली अ‍ॅबी रोडवर अभियंत्यांच्या जागतिक संस्थेने त्याच्या स्टीरिओच्या कामाची नोंद करणारा फलक लावला, आणि २०१७ साली ग्रॅमीचा तांत्रिक पुरस्कार त्याला मरणोत्तर मिळाला. पंचाहत्तर वर्षे उशिरा.

पुढच्या रविवारी गाणे लावाल तेव्हा एक करून पाहा. दोन्ही स्पीकरांपासून सारख्याच अंतरावर बसा आणि क्षणभर डोळे मिटा. भिंतीपाशी, जिथे काहीच नाही, तिथून गायक तुमच्यासाठी गाऊ लागेल. त्या रिकाम्या जागेवर कुणाचे नाव लिहिलेले नाही. पण ती त्याची आहे.