रिचर्ड फाइनमन
रिचर्ड फिलिप्स फाइनमन (११ मे, १९१८ – १५ फेब्रुवारी, १९८८) हे नोबेल पारितोषिकविजेते अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ होते. लॉस अलामॉस येथे अणुबाँबवर काम करताना त्यांना आकड्यांची कुलुपे उघडण्याचा छंद जडला. तेथील गोपनीय कपाटांना तीन आकड्यांची जुळणी लागे. तबकडीवर १०० आकडे असले तरी कुलूप दोन घरांची चूक खपवून घेते, त्यामुळे प्रत्येक स्थानी २०च आकडे तपासणे पुरते, हे त्यांनी शोधले. कपाट उघडे असताना तबकडी फिरवून शेवटचे दोन आकडे ओळखता येत. उरे केवळ पहिला. ओक रिज येथील एका कर्नलला त्यांनी हा धोका दाखवला. कामाच्या वेळी कपाटे बंद ठेवणे हा साधा उपाय होता. आदेश मात्र निघाला तो फाइनमन येऊन गेलेल्या खोल्यांतील जुळण्या बदलण्याचा.