हॅनवेलच्या शाळेतील एक मुलगा

चार्ली चॅप्लिन यांचे आत्मचरित्र १९६४ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा त्यांनी वयाची ७५ वर्षे गाठली होती. ग्रंथाचा उत्तरार्ध थोरामोठ्यांच्या भेटीगाठींनी भरलेला आहे. तो वरवर चाळला तरी चालेल. पूर्वार्ध मात्र निवासी शाळेत वाढलेल्या प्रत्येकाने सावकाश वाचावा असा आहे.

१६ एप्रिल १८८९ रोजी चॅप्लिन जन्मले. आईवडील दोघेही रंगभूमीवरील गायक होते. वडील मद्याच्या आहारी जाऊन कुटुंबापासून दूर झाले. आई हॅना हिचा आवाज वारंवार बसू लागला. आल्डरशॉट येथील एका प्रयोगात तो अगदीच फुटला, तेव्हा पाच वर्षांच्या चार्लीला तिच्या जागी उभे करण्यात आले. प्रेक्षकांनी नाणी फेकताच त्याने गाणे थांबवले आणि आधी पैसे वेचून घेतले. प्रेक्षक खदखदून हसले. मुलाचा रंगमंचावरील हा पहिला प्रवेश आणि आईचा जवळजवळ अखेरचा.

पुढे हॅनाच्या शिवणकामावर घर चालेना. १८९६ साली आई व दोन्ही मुले लॅम्बेथच्या वर्कहाऊसमध्ये, म्हणजे निर्धनांसाठीच्या सार्वजनिक आश्रयगृहात दाखल झाली. तेथून मुलांना हॅनवेल येथील अनाथ व निराधार बालकांच्या शाळेत धाडण्यात आले. चार्ली तेव्हा सात वर्षांचा होता. गजकर्ण झाल्यावर त्याचे डोके भादरून त्यावर आयोडिन फासण्यात आले. थोरला भाऊ सिडनी स्वयंपाकघरात कामाला होता. तो लोण्याचा गोळा भरलेला पाव गुपचूप चार्लीच्या हाती देई. वसतिगृहात राहिलेल्यांना त्या पावाची चव निराळी सांगावी लागणार नाही!

शौचालयात कागद पेटवल्याचा आळ चार्लीवर आला. तो निर्दोष होता. परंतु सर्वांसमोर विचारणा होताच गांगरून त्याने गुन्हा कबूल केला आणि छडीचे तीन तडाखे सोसले. मुलांच्या गर्दीत उभा असलेला सिडनी संतापाने रडला. चॅप्लिन मात्र हा प्रसंग कटुतेचा लवलेशही न ठेवता सांगतात. आपल्याला त्या कबुलीचे अधिक वाईट वाटते. मूल खरे बोलण्यास भिते, तेव्हा दोष मुलाचा नसतो. याच शाळेत तो आपले आडनाव लिहावयास शिकला आणि ती अक्षरे त्याला आपल्यासारखीच भासली.

पुन्हा एकदा वर्कहाऊसची पाळी आली असता हॅनाने एक दिवसापुरती सर्वांची सुटका करवून घेतली. सिडनीजवळच्या नऊ पेन्सांतून चेरी घेतल्या, केनिंग्टनच्या बागेत वर्तमानपत्राचा चेंडू करून तिघे खेळली आणि सायंकाळी परत दारात हजर झाली. अधिकाऱ्यांना हा उपद्व्याप वाटला असेल; मुलांना तो आयुष्यभर पुरला.

१९०३ साली आईचे मन पूर्ण ढळले. तिला रुग्णालयात पोहोचवण्यास १४ वर्षांचा चार्ली एकटाच होता, कारण सिडनी जहाजावर गेला होता. त्याच वर्षी त्याला नाटकात काम मिळाले. पण त्याला धड वाचता येत नव्हते. तेथेच वाचून दाखवण्यास सांगतील, या धास्तीने त्याचा जीव टांगणीला लागला. तसे घडले नाही. भूमिका घरी नेता आली आणि सिडनीने ती पाठ करून घेतली. त्यानंतर शेरलॉक होम्सच्या नाटकातील बिली, १९०८ मध्ये फ्रेड कार्नोची मंडळी, अमेरिकेचे दौरे, आणि १९१४ साली ढगळ विजार व मोठाले बूट घातलेला तो भटका, हा प्रवास सर्वश्रुत आहे.

१९३१ च्या प्रारंभी जगद्विख्यात चॅप्लिन हॅनवेलच्या शाळेत अचानक गेले. जुनी भोजनशाळा पाहून त्यांना अश्रू आवरले नाहीत. पुन्हा येण्याचे वचन त्यांनी मुलांना दिले. ठरल्या दिवशी चित्रपट दाखवण्याचे यंत्र आणि भेटवस्तू घेऊन त्यांची माणसे आली. मुले वाट पाहत उभी होती. ते स्वतः आले नाहीत.