नारायण वामन टिळक : देणगी आणि तिचे प्रयोजन

ईश्वराने मानवाला आपला पुत्रच देणगी म्हणून दिला, हा नाताळच्या सणाचा गाभा आहे. मिळालेले दान स्वतःपाशी न ठेवता पुढे देत राहणे, हा त्यातून निघणारा आचारधर्म. मराठी ख्रिस्ती परंपरेत त्याचा सर्वांत उत्कट आविष्कार रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्या जीवनात दिसतो.

टिळकांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे 1861 साली झाला. संस्कृत विद्या आणि शीघ्रकवित्व यांची देणगी त्यांना लवकर लाभली. स्थैर्य मात्र लाभले नाही. 1893 साली आगगाडीच्या प्रवासात एका अपरिचित युरोपियन गृहस्थाने त्यांच्या हाती नवा करार ठेवला. टिळक तो चिकित्सक बुद्धीने वाचू लागले आणि गिरिप्रवचनापाशी येताच त्यांचा विरोध मावळला. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

या दानाची किंमत त्यांच्याबरोबर पत्नी लक्ष्मीबाईंनाही मोजावी लागली. संसार दुभंगला, लहानग्या दत्तूला घेऊन त्या काही वर्षे आप्तांच्या आश्रयाने राहिल्या. त्या टिळकांकडे परतल्या तेव्हाही धर्मांतर त्यांनी लगेच स्वीकारले नाही. स्वतःच्या विचाराने, 1900 साली, त्या ख्रिस्ती झाल्या.

अहमदनगरच्या वास्तव्यात टिळकांचे कवित्व बहरले आणि ते फुलामुलांचे कवी म्हणून ओळखले जाऊ लागले. परंतु परक्या चालीवरची भाषांतरित गीते आपल्या समाजाच्या अंतःकरणाला भिडत नाहीत, हे त्यांनी ओळखले होते. तुकोबा-ज्ञानोबांचा वारसा ख्रिस्ताच्या चरणी नेता येतो, तो टाकण्याचे कारण नाही, अशी त्यांची धारणा होती. म्हणून त्यांनी अभंग, भजन आणि कीर्तन ख्रिस्ती उपासनेत आणले. 'उपासना संगीता'त त्यांच्या पदांचा वाटा मोठा असून मराठी चर्चमध्ये ती आजही गायिली जातात.

दुसऱ्याच्या ठायी असलेली देणगीही ते ओळखत. जळगावच्या 1907 च्या कविसंमेलनात चमकलेल्या त्र्यंबक बापूजी ठोमरे या कोवळ्या कवीला, म्हणजे बालकवींना, त्यांनी आपल्या घरी आणून पुत्रवत् वागविले. विवाहाच्या वेळी जेमतेम अक्षरओळख नसलेल्या लक्ष्मीबाईंना त्यांनीच लिहावाचायला लावले होते.

1917 साली टिळकांनी मिशनचे वेतन सोडले. पगारी प्रचारक हा श्रोत्यांना सदैव परक्यांचा नोकर वाटतो, ही जाणीव त्यामागे होती. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले अशा सर्व ख्रिस्तभक्तांना एकत्र आणणारा 'देवाचा दरबार' त्यांनी स्थापन केला. फुकट मिळालेले फुकट द्यावे, या आज्ञेचे त्यांनी केलेले हे आचरण होते. प्रपंचाची ओढाताण त्यामुळे वाढली, आणि तिचा भार पुन्हा लक्ष्मीबाईंवरच अधिक पडला, हेही नमूद केले पाहिजे.

9 मे 1919 रोजी टिळक मुंबईत निवर्तले, तेव्हा त्यांचे 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य जेमतेम दहा अध्यायांपर्यंत आले होते. ते लक्ष्मीबाईंनी हाती घेतले. 1936 साली त्या वारल्या तोवर बहुतेक काव्य लिहून झाले होते. अखेरचा भाग पुत्र देवदत्त यांनी पूर्ण केला आणि 1938 साली ग्रंथ प्रसिद्ध झाला. पतीने दिलेली अक्षरे पत्नीने अशी पतीच्याच अपुऱ्या कार्याला परत केली. ज्या दानासाठी एकदा घर मोडले होते, त्याचेच महाकाव्य अखेर त्या घराने पुरे केले.