नाव न ठेवता गेलेला संशोधक : हॉवर्ड रिकेट्स

गोचीड म्हटलं की आपल्याला गोठा आठवतो, नाहीतर कुत्र्याचे कान. या एवढ्याशा जिवाच्या मागे एका डॉक्टरने आपली उमेदीची वर्षं घालवली. त्यांचं नाव हॉवर्ड टेलर रिकेट्स.

रिकेट्स यांचा जन्म ९ फेब्रुवारी १८७१ रोजी अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, फिंडले इथे झाला. १८९७ मध्ये ते नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातून डॉक्टर झाले आणि पुढे शिकागो विद्यापीठात पॅथॉलॉजी शिकवू लागले. दवाखाना थाटून सुखाने राहता आलं असतं, पण त्यांचा ओढा लॅबकडे होता.

१९०६ साली ते मॉन्टाना राज्यातल्या बिटररूट खोऱ्यात गेले. तिथे दर वसंतात एक भयंकर ताप यायचा. आधी डोकं ठणकायचं, मग मनगटांवर आणि घोट्यांवर लाल ठिपके उठून अंगभर पसरायचे. बहुतेक रोगी दगावत. डोंगरावरच्या वितळलेल्या बर्फाच्या पाण्यामुळे हा ताप येतो, असं पुष्कळांना वाटे. गोचिडावर संशय घेणारे अभ्यासक होते, पण पुरावा नव्हता.

रिकेट्स यांनी तो मिळवला. तापाने आजारी केलेल्या गिनीपिगवर त्यांनी गोचीड सोडला. रक्त पिऊन झाल्यावर तोच गोचीड निरोगी गिनीपिगवर ठेवला. तोही तापाने पडला! त्याच सुमाराला डब्ल्यू. डब्ल्यू. किंग यांनीही स्वतंत्रपणे हेच दाखवलं. रिकेट्स त्यापुढेही गेले. रोग गोचिडाच्या अंड्यांतून पुढच्या पिढीत उतरतो, हे त्यांनी सिद्ध केलं.

रोग्यांच्या रक्तात आणि गोचिडाच्या अंड्यांत मायक्रोस्कोपखाली त्यांना अगदी बारीक जंतू दिसत होते. पण ते काही केल्या लॅबमध्ये वाढेनात. हा जंतू जिवंत पेशीच्या आतच वाढतो, हे पुढे कळलं. त्या काळी जंतू वेगळा काढून वाढवून दाखवला नाही, तर तोच रोगाचं कारण आहे असं कुणी सहज मानत नसे. रिकेट्स यांनीही घाई केली नाही. जे दिसलं त्याचं वर्णन लिहिलं, जंतूला नाव मात्र दिलं नाही.

मॉन्टानातल्या कामासाठी पैशांची सोय लांबली, तेव्हा ते मेक्सिको सिटीला गेले. तिथे टायफसची साथ होती. रसेल वाइल्डर यांच्यासोबत काम करताना त्यांनी दाखवलं की हा रोग अंगावरच्या उवांमुळे पसरतो आणि तो ठिपक्यांच्या तापाहून वेगळा आहे. पण तोच टायफस त्यांना झाला. ३ मे १९१० रोजी, वयाच्या अवघ्या ३९ व्या वर्षी, ते गेले. मागे पत्नी मायरा आणि लहान मुलं राहिली.

१९१६ मध्ये ब्राझीलचे शास्त्रज्ञ एन्रिके दा रोशा लिमा यांनी टायफसच्या जंतूला रिकेट्सिया प्रोवाझेकी असं नाव दिलं. टायफसवर काम करतानाच मरण पावलेल्या रिकेट्स आणि प्रोवाझेक या दोघांची आठवण त्यात आहे. बिटररूटच्या तापाचा जंतू पुढे रिकेट्सिया रिकेट्सी झाला.

त्याच खोऱ्यात, हॅमिल्टन गावी, पुढे रॉकी माउंटन लॅबोरेटरी उभी राहिली. १९८१ मध्ये तिथले विली बर्गडॉर्फर न्यूयॉर्ककडून आलेल्या गोचिडांत रिकेट्सिया शोधत होते. सापडले वेगळेच, मळसूत्रासारखे पिळदार जंतू. लाइम रोगाचं कारण हाती लागलं होतं! त्या जंतूला बोरेलिया बर्गडॉर्फेरी हे नाव मिळालं. १९९७ मध्ये त्याचा पूर्ण जीनोम वाचून झाला आणि पुढच्याच वर्षी टायफसच्या जंतूचाही.

आज गोचीड चिरडून त्याच्यातला डीएनए काढतात, पीसीआरने त्याच्या असंख्य प्रती करतात आणि जंतू कोणता ते ओळखतात. जंतू वाढवून दाखवायची गरज पडत नाही. रिकेट्स यांची अडचण नेमकी इथे सुटली. पण गोचिडातच शोधायला हवं, हे आधी कुणीतरी दाखवावं लागतं. मॉन्टानात ते काम रिकेट्स यांनी केलं, मोजके गिनीपिग, एक मायक्रोस्कोप आणि भरपूर चिकाटी यांच्या जोरावर.