रुझवेल्ट यांचे पाय कशामुळे गेले?

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता परिसरात जीबीएसचे म्हणजेच गुलेन बॅरी सिंड्रोमचे रुग्ण अचानक वाढले, तेव्हा हे नाव अनेकांनी पहिल्यांदाच ऐकले. तुमच्या घरात कुणाला हा आजार झाला असेल, तर अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रुझवेल्ट यांच्या आजारपणाची हकीकत तुम्हाला उपयोगी पडेल. त्यांना पोलिओ झाला होता असे आपण शाळेपासून ऐकतो. पण कदाचित तो जीबीएस असावा.

रुझवेल्ट यांचा जन्म ३० जानेवारी १८८२ चा. ऑगस्ट १९२१ मध्ये, वयाच्या ३९ व्या वर्षी, ते कुटुंबासह कॅनडातील कॅम्पोबेलो बेटावर सुट्टीला गेले होते. एके दिवशी ते थंड पाण्यात पोहले आणि संध्याकाळी त्यांना हुडहुडी भरली. दुसऱ्या दिवशी एक पाय लटपटू लागला, मग दुसराही, आणि तिसऱ्या दिवशी त्यांना उभेच राहता येईना. कमजोरी पायांकडून वर सरकत गेली. ताप होता, चेहऱ्याचे स्नायूही दुबळे झाले, कातडीला नुसता स्पर्श झाला तरी वेदना होत. सुमारे दोन आठवडे लघवी आणि शौचावर ताबा नव्हता. पत्नी एलिनॉर नळी घालण्यापासून सगळी शुश्रूषा करत होत्या.

एका नामवंत सर्जनने मज्जारज्जूत रक्ताची गुठळी असल्याचे सांगून मालिश करायला लावले. त्याने वेदना वाढल्या. दोन आठवड्यांनी डॉ. रॉबर्ट लोव्हेट यांनी पोलिओचे निदान केले आणि मालिश थांबवले.

२००३ मध्ये डॉ. आर्मंड गोल्डमन आणि सहकाऱ्यांनी ही लक्षणे पुन्हा तपासली. वय, दोन्ही बाजूंची सारखी कमजोरी, तिचे खालून वर चढणे, चेहऱ्यावरचा परिणाम आणि स्पर्शाच्या वेदना पाहता जीबीएसची शक्यता जास्त, असे त्यांनी मांडले. ताप आणि पाय कायमचे जाणे मात्र पोलिओकडे बोट दाखवते, म्हणून सगळ्यांना हे पटलेले नाही. खात्रीने कुणीच सांगू शकणार नाही. तसेही १९२१ मध्ये निदान बरोबर झाले असते तरी उपचार काहीच नव्हते. गुलेन, बॅरी आणि स्ट्रोल या फ्रेंच डॉक्टरांनी दोन सैनिकांमधला हा आजार १९१६ मध्ये, म्हणजे जेमतेम पाच वर्षे आधी, नोंदवला होता.

फरक असा की पोलिओचा विषाणू मज्जारज्जूतील पेशी थेट मारतो. जीबीएसमध्ये आपलीच रोगप्रतिकारशक्ती चुकून नसांवर हल्ला करते, बहुतेकदा जुलाब किंवा सर्दी-तापानंतर काही दिवसांनी. पुण्यातल्या काही रुग्णांमध्ये कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू सापडला होता. दूषित पाणी आणि अर्धकच्चे चिकन यांतून तो पोटात जातो, म्हणून पाणी उकळा आणि चिकन नीट शिजवा.

बारामती-इंदापूरकडच्या घरांना मी एवढेच सांगेन: हातापायांत मुंग्या येऊन कमजोरी रोज वर चढत असेल, तर मालिश, ताकदीचे सलाईन, व्हिटॅमिनची इंजेक्शने यांत दिवस घालवू नका. आयव्हीआयजी (सहसा पाच दिवस शिरेतून) किंवा प्लाझ्मा बदलणे, हे दोन्ही उपचार पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झाले तर चांगले. स्टेरॉइडच्या गोळ्यांचा इथे फायदा होत नाही. गिळताना ठसका लागणे, किंवा एका श्वासात वीसपर्यंत आकडे म्हणता न येणे, ही धोक्याची खूण आहे. इंदापूरहून पुणे शंभर किलोमीटरपेक्षा जास्त लांब आहे. अशा वेळी सकाळची वाट न पाहता आयसीयू आणि व्हेंटिलेटर असलेले जवळचे रुग्णालय गाठा, आणि पुढे न्यायचे झाल्यास ऑक्सिजन असलेल्या रुग्णवाहिकेतूनच न्या. रुग्ण पंधरा वर्षांखालील असेल तर सरकारी यंत्रणा शौचाचे दोन नमुने घेईल. घाबरू नका. पोलिओ नाही ना, हे पाहण्यासाठी प्रत्येक अशा मुलाचे ते घेतले जातात.

रुझवेल्ट पुढे काय करत होते? १९२४ पासून ते जॉर्जियातील वॉर्म स्प्रिंग्जच्या कोमट पाण्यात व्यायाम करू लागले. पाण्यात वजन हलके होते, दुबळा स्नायूही हलतो. आजचे फिजिओथेरपिस्टही हेच तत्त्व वापरतात. १९२६ मध्ये त्यांनी ती जागाच विकत घेतली आणि इतर रुग्णांसाठी खुली केली. पायांना पोलादी पट्ट्या, एका हातात काठी, दुसरा हात मुलाच्या दंडावर, अशी चार पावले टाकायला ते शिकले. पाय बरे झाले नाहीत. त्या अवस्थेत ते १९२८ मध्ये न्यूयॉर्कच्या गव्हर्नरपदी आणि १९३२ पासून सलग चार वेळा राष्ट्राध्यक्षपदी निवडून आले. चाकाची खुर्ची मात्र त्यांनी छायाचित्रांपासून शक्यतो दूर ठेवली. ते लपवणे मला पटत नाही, पण त्या काळचे राजकारण पाहता समजते.

जीबीएसच्या बहुतेक रुग्णांना त्यांच्यापेक्षा बरे दिवस येतात. कमजोरी साधारण दोन ते चार आठवडे वाढते, थांबते, मग हळूहळू उतरते. दर पाचांपैकी सुमारे एकाला सहा महिन्यांनंतरही आधाराशिवाय चालता येत नाही. तरीही सुधारणा वर्षभर आणि त्यापुढेही होत राहते, म्हणून व्यायाम मध्येच सोडू नका.

१२ एप्रिल १९४५ रोजी, मेंदूतील रक्तस्रावाने, रुझवेल्ट यांचे निधन वॉर्म स्प्रिंग्जमध्येच झाले.